डिझेल यंत्रांच्या उत्सर्जन-नियंत्रण व्यवस्थेतील विद्युत दोषनिदान : अंथुर्णे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे गाव बारामती-इंदापूर मार्गावर वसलेले आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे हा परिसर उसाचा झाला आणि वालचंदनगर व भवानीनगर येथील साखर कारखानदारीमुळे येथे यंत्रांची ओळख लवकर झाली. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग याच गावावरून जातो. त्या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशात बांधकाम यंत्रांसाठी भारत स्टेज चार हे उत्सर्जन-मानक लागू झाले होते. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि त्यांमुळे एक प्रश्न निर्माण होतो. नव्या मानकाचे यंत्र अशा गावाजवळ बंद पडले, तर त्याचा दोष कोण आणि कसा शोधणार? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) डिझेल यंत्रांच्या दोषनिदान पद्धतीत झालेले स्थित्यंतर पाहणे.
२) उत्सर्जन-नियंत्रणातील विद्युत दोषांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) ग्रामीण दुरुस्ती व्यवसायावरील परिणामांचा विचार करणे.

कानाने आणि डोळ्याने निदान :
पुणे शहर हे भारतातील डिझेल उद्योगाचे एक प्रमुख केंद्र होय. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ मध्ये, तर किर्लोस्कर कमिन्सची १९६२ मध्ये झाली. त्या काळातील इंजिनात इंधनपंप, नोझल आणि गव्हर्नर ही सर्व यांत्रिक अंगे होती. विजेचा संबंध स्टार्टर, डायनामो आणि दिवे यांपुरताच मर्यादित होता. मिस्त्री धुराच्या रंगावरून दोष ओळखत असे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, पांढरा धूर म्हणजे न जळलेले इंधन आणि निळा धूर म्हणजे जळणारे ऑइल, हे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे हाताखाली काम करताना जात असे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

कायदा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण :
अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने या परिस्थितीत बदलाची सुरुवात केली. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही यंत्रातील नियंत्रकांना दोन तारांवरून परस्परांशी जोडणारी पद्धत जाहीर केली. पुढे याच पायावर अवजड वाहने व यंत्रांसाठी ‘जे १९३९’ हे मानक उभे राहिले. भारतात डिझेल वाहनांसाठी उत्सर्जन-नियम १९९२ मध्ये आले. बांधकाम यंत्रांसाठी भारत स्टेज दोन २००७ मध्ये, स्टेज तीन २०११ मध्ये आणि स्टेज चार २०२१ मध्ये लागू झाले. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरसाठी नवे मानक जानेवारी २०२३ पासून अमलात आले.

या टप्प्यावर धुराच्या नळीतच एक रासायनिक व्यवस्था बसली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण कमी करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण गरम धुरात फवारले जाते. त्यासाठी तापमान, दाब आणि वायूचे प्रमाण मोजणारे सेन्सर लागतात. या साखळीतील एखादी तार तुटली, तरी अनेक यंत्रे आधी इशारा देतात आणि दोष कायम राहिल्यास स्वतःची शक्ती कमी करतात. म्हणजेच इंजिन पूर्ण सुस्थितीत असूनही काम थांबते.

विद्युत दोषांचे स्वरूप :
नियंत्रक दोषाची नोंद दोन अंकांत करतो. पहिला अंक कोणते अंग ते सांगतो, दुसरा अंक दोषाचा प्रकार सांगतो. प्रकार ३ म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज आणि प्रकार ४ म्हणजे कमी व्होल्टेज. येथे शब्दशः अर्थ घेतल्यास फसगत होते. तापमान सेन्सरच्या तारेवर नियंत्रक सामान्यतः ५ व्होल्ट देतो. तार तुटली की ते ५ व्होल्ट खाली न येता तसेच राहतात, म्हणून ‘जास्त व्होल्टेज’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात कोठेही जादा वीज आलेली नसते. अशा वेळी सेन्सरचा कपलर सोडवून सिग्नलची व परतीची तार क्षणभर जोडावी. कोड ३ वरून ४ वर गेला, तर वायरिंग व नियंत्रक बहुधा ठीक असून संशय सेन्सरवर येतो. कोड बदलला नाही, तर दोष तारेत, कपलरमध्ये किंवा नियंत्रकात शोधावा लागतो.

कॅनच्या जोडतारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. बॅटरी बंद करून मोजल्यास सुमारे ६० ओहम यावेत. १२० ओहम आल्यास एक रोधक किंवा तार तुटलेली असते. शून्याजवळ आल्यास दोन्ही तारा परस्परांना चिकटलेल्या असतात. तसेच, झिजून एकच धागा उरलेली तार ओहममापनात निर्दोष दिसते, परंतु हीटरचा भार पेलू शकत नाही. म्हणून भार चालू असताना तारेत किती व्होल्ट पडतात, हे मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. या सर्व तपासण्या साध्या मल्टिमीटरने होऊ शकतात. तपासणी न करता केवळ कोड पाहून सेन्सर बदलल्यास खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

ज्ञान कोणाकडे?
वाहनांच्या उत्सर्जनाची चाचणी घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. मात्र कोड वाचण्याचे सॉफ्टवेअर आणि वायरिंगचे नकाशे प्रामुख्याने उत्पादक व त्यांच्या अधिकृत केंद्रांकडे असतात. ज्ञान मिळाले नाही की आडमार्गाचे आकर्षण वाढते. खोटा सिग्नल देणारे उपकरण जोडून व्यवस्था निकामी केली की यंत्र चालते, पण नियमाचा हेतू नष्ट होतो. २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणात हेच काम कंपनीच्या सॉफ्टवेअरने केले होते. आडमार्ग केवळ गॅरेजमध्येच निघतो, असा समज त्यामुळे टिकत नाही. या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि शेती अवजारांचा त्यात समावेश केला, ही घटना महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, उत्सर्जन-मानकांच्या इतिहासात कायदा व प्रयोगशाळा यांची नोंद होते, परंतु दुरुस्तीच्या ज्ञानाची फारशी होत नाही. धुराचा रंग ओळखणारा मिस्त्री अज्ञानी नव्हता. त्याच्या ज्ञानाचे साधन बदलले आहे. कोड हा निदानाचा आरंभ असून निष्कर्ष नव्हे, हे सूत्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मेकॅनिक डिझेल अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकासह शिकविले जावे आणि वायरिंगचे नकाशे मराठीतून उपलब्ध व्हावेत. पुण्यात प्रमाणित झालेले इंजिन अंथुर्ण्यातही स्वच्छ चालावयाचे असेल, तर ते दुरुस्त करण्याचे ज्ञानही तेथपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.