मंडळीच्या आरोग्यासाठी प्रार्थना : एक तळटीप

१. मूळ लेखकाने येथे जिचा ओझरता उल्लेख केला आहे, ती सामुदायिक प्रार्थना वर्षारंभीच्या प्रार्थना-सप्ताहातली होय. लुधियाना येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८५८ मध्ये जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना जे आवाहन केले, त्यास अनुसरून १८६० च्या जानेवारीत हा सप्ताह प्रथम पाळला गेला आणि पुढे इव्हँजेलिकल अलायन्सने त्याचा वार्षिक प्रघात पाडला. तेव्हा निदान ही एक प्रथा तरी विलायतेहून हिंदुस्थानात आलेली नसून हिंदुस्थानातून विलायतेस गेली, हे मिशनकार्याच्या टीकाकारांनी व अभिमान्यांनी सारखेच ध्यानात ठेवावे.

अमेरिकन मराठी मिशनच्या प्रयत्नाने १८३३ मध्ये स्थापन झालेली अहमदनगरची मंडळी काँग्रिगेशनल परंपरेतली असून, या परंपरेत बिशपची हुकमत नसल्याकारणाने पाळकाची निवड, सभासदांची दाखलनोंद, वर्गणीचा जमाखर्च, इतकेच नव्हे तर आपसांतील तंट्यांचा निवाडाही मंडळीच्या सभेपुढेच येत असे. साहजिकच प्रार्थना-सप्ताहात तिच्या बलवृद्धीसाठी केलेल्या याचनेत पाळकाच्या वेतनाची तजवीज आणि दोन घराण्यांमधील अबोला, हे दोन्ही विषय पवित्र आत्म्याच्या कृपेइतक्याच आस्थेने देवासमोर मांडण्यास कोणास संकोच वाटण्याचे कारण नव्हते. दुष्काळानंतर सभासदसंख्या झपाट्याने वाढली म्हणजे मंडळी सुदृढ झाली, असे मानण्याकडे मिशनच्या अहवालांचा कल दिसतो. प्रस्तुत संपादकास ते निदान मान्य नाही.