कान्हेरीचा लेख आणि सालांचा घोळ

आपल्या कार्यक्रमांच्या पत्रिकेवर इसवी सन छापतो, शेजारी बुद्धवर्षही छापतो. काही जणांना हे उगीच वाढवलेले काम वाटते. पण साल मोजायची रीत कळल्याशिवाय जुना लेख हाती लागत नाही. उदाहरण लांबचे नको, आपल्या बोरिवलीच्या डोंगरातलेच घेऊ.

कान्हेरीत यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. त्यात त्याच्या राज्याचे १६ वे वर्ष, ग्रीष्माचा पहिला पंधरवडा, दिवस ५, एवढेच. राजा गादीवर कधी बसला ते आपणच शोधायचे! पुढे तिथल्या स्तूपात त्रैकूटकांच्या काळचा ताम्रपट सापडला, त्यावर २४५ साल आहे. ते इसवी सन समजले तर माणूस अडीचशे वर्षांनी फसतो. ती गणनाच मुळी इसवी सन २४८-४९ च्या सुमाराची, म्हणजे साल येते ४९४ च्या आसपास.

खरी गंमत राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळच्या लेखात आहे. कोकणात त्याचा मांडलिक होता शिलाहार कपर्दी दुसरा. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्खूंसाठी ध्यानाच्या खोल्या केल्या आणि १०० द्रम्म कायमची ठेव ठेवली. तारीख दिली आहे शके ७७५, प्रजापती संवत्सर, आश्विन वद्य २, बुधवार. शकात ७८ मिळवा, इसवी सन ८५३. संपले? नाही. साठ संवत्सरांच्या फेऱ्यात ७७५ ला श्रीमुख येते, प्रजापती येते ७७३ ला. शिवाय ७७५ च्या त्या तिथीला बुधवार पडतच नाही. ७७३ ला मात्र बरोबर पडतो, १६ सप्टेंबर ८५१. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी म्हणूनच ७७३ धरले. आकडा चुकला, पण नाव आणि वार लिहिले होते म्हणून चूक हजार वर्षांनी पकडता आली.

तेच वर्ष बुद्धवर्षाने १३९५. विक्रम संवत उत्तरेकडे चैत्रात बदलतो, म्हणून ९०८. आपल्या घाटकोपर-मुलुंडचे गुजराती व्यापारी दिवाळीनंतर वही बदलतात, त्यांच्या रीतीने अजून ९०७ च. लेखात ‘शालिवाहन’ शब्द नाही बरं का, शक राजाचा काळ म्हटले आहे. शालिवाहनाचे नाव मागून चिकटले.

आता बाबासाहेबांच्या दीक्षेचा दिवस घ्या. १४ ऑक्टोबर १९५६, शके १८७८, आश्विन शुद्ध दशमी, बुद्धवर्ष २५००. थायलंडमध्ये मात्र त्या दिवशी २४९९ चालू होते. तिथे परिनिर्वाणाला एक वर्ष पुरे झाल्यावर एक मोजतात.