कड्याचा धाक

'दुःखाचा कडेलोट', 'मूर्खपणाचा कडेलोट' असे शब्दप्रयोग आपण सहज करतो. बोलताना डोळ्यांपुढे कडाही नसतो आणि लोटणारे हातही नसतात. रायगडावर मात्र या शब्दाचा मूळ अर्थ पायांशी येऊन उभा राहतो. टकमक टोकावरून गुन्हेगारांना खाली लोटीत, असे परंपरा सांगते. त्या टोकाकडे निघालो की माझ्या पोटऱ्या थरथरू लागतात, तळहातांना घाम फुटतो आणि मी मुकाट्याने दोन पावले मागे सरतो. ही भीती मला लहानपणापासून आहे. गड पाहण्याचे वेडही तितकेच जुने आहे. या दोघांचा संसार कुरकुरत का होईना, पण चालला आहे.

बरोबरची तरुण मंडळी अशा वेळी हसतात. "मावळ्यांच्या मुलखातला माणूस आणि कड्याला भितो!" असे कोणीतरी म्हणतेच. थट्टेबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्यात इतिहासाविषयीचे एक विधान दडलेले आहे. मावळ्यांना कड्याची भीती ठाऊकच नव्हती, असे ते विधान. ते कितपत खरे आहे हे जुन्या लिखाणाशी ताडून पाहावे, असे माझ्या मनाने घेतले.

सिंहगडचाच प्रसंग घ्या. १६७० च्या फेब्रुवारीतील ती रात्र आपल्याला शाहिरांनी सांगितली आहे. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून ती कड्यावर चढविल्याची कथा घरोघरी पोहोचली ती त्यांच्याच मुखातून. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस बखर लिहिली, तीत घोरपडीचा पत्ता नाही. सभासदाच्या हकिकतीत तानाजी आपल्या लोकांतून दोन चपळ, हुशार माणसे निवडतो. ते दोघे वानरांसारखे कडा चढून जातात आणि वरून दोराची माळ, म्हणजे शिडी, खाली सोडतात. मग तानाजी आणि त्याचे तीनशे लोक त्या माळेवरून गडावर येतात.

ही हकिकत वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. एवढ्या जमावातून उघड्या कड्याला भिडले ते अवघे दोन! बाकीच्यांनी खाली शिडीची वाट पाहिली, आणि वाट पाहणाऱ्यांत खुद्द तानाजी होता. त्या रात्री जीव देण्यात ज्याने मागेपुढे पाहिले नाही, त्याने कड्याशी मात्र उगाच झटापट केली नाही. कड्याचे काम कोणाचे आणि तलवारीचे कोणाचे, हे त्याला नेमके कळत होते. माझ्या मते त्या रात्रीच्या पराक्रमात या समजुतीचाही वाटा आहे.

गड बांधणाऱ्यांचा हिशेब तर उघड उघड कड्याच्या भीतीवरच उभा होता. तुटलेला कडा असेल तेथे तट बांधण्याचा खर्च वाचे. शत्रूला अडविण्याचे काम डोंगरच करी. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडांविषयी जे सांगितले आहे, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. गडाच्या वाटा सुगम असू नयेत, भोवतीची झाडी राखावी, एकाच दरवाजावर विसंबू नये, शेजारी दुसरा डोंगर असेल तर तो सुरुंगाने फोडावा आणि ते न साधल्यास त्यावरही बांधकाम करून तो मजबूत करावा, असा त्यात उपदेश आहे. निसर्गाने दिलेली अडचण जपणे हीच राजनीती, असे हे शास्त्र होते.

रायगडच्या हिरकणीची कथाही मला याच शास्त्रातली वाटते. दूध विकायला आलेली गवळण, सायंकाळी बंद झालेले दरवाजे आणि खाली घरी एकटे तान्हे मूल. ती अंधारात कडा उतरून गेली आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला. ही लोककथा आहे, तिला कागदाचा आधार मागू नये. पण सांगणाऱ्याचे शहाणपण पाहा: महाराजांनी तिचे कौतुक केले, आणि जेथून माणूस उतरू शकतो ती जागा बंदही केली. त्या वाटेने इतरांनीही उतरून पाहावे, असे कथेतले कोणीच म्हणत नाही.

पुढे १८१८ साली इंग्रजांनी हेच शास्त्र उलटे फिरविले. नाशिक-नगर भागातील अलंग, कुलंग यांसारख्या गडांच्या पायऱ्या त्यांनी सुरुंगांनी उडविल्या. गड पाडण्याची गरजच राहिली नाही. ज्या कड्याने शत्रूला बाहेर ठेवले, तोच आता घरच्या माणसाला बाहेर ठेवू लागला. वर पाण्याची टाकी भरलेली आणि खाली वाट तुटलेली, अशी त्या गडांची स्थिती झाली.

ही भीती तरी आपल्याला कोण शिकविते? १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेखाली खोल खड्डा दिसेल अशी योजना करून त्यांनी रांगती मुले काठाशी ठेविली. पलीकडून आई बोलावीत असतानाही बहुतेक मुले त्या काचेवर गेली नाहीत. उभ्या माणसाला तोल सांभाळताना आजूबाजूच्या वस्तूंचा आधार डोळ्यांना लागतो. काठावर समोर जवळचे असे काहीच नसते. शरीर किंचित झुलते आणि डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून तेथे खाली बसले किंवा दगडाला हात टेकला की जीव स्थिर होतो. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

शिवाय सह्याद्रीचा कडा दिसतो तसा नसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला आहे. कठीण थराखालचा मऊ थर पावसाने झिजतो आणि वरचा कातळ पुढे डोकावत राहतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पायाखाली किती दगड उरला आहे, हे दिसत नाही. त्यात पावसाळ्याचे शेवाळ, सैल मुरूम आणि काठ झाकणारे गवत.

आज पावसाळा आला की अशा काठांवर गर्दी होते. मोबाईलवर स्वतःची छबी टिपण्यासाठी तरुण मुले पाठ दरीकडे करून उभी राहतात, आणि दरवर्षी त्यांतल्या कोणा ना कोणाच्या घरी वाईट बातमी जाते. मावळ्यांचे नाव घेऊनच हे धाडस होते, याचे मला अधिक दुःख वाटते. मावळा कड्यावर गेला तो कामासाठी, निवडला गेला म्हणून, आणि मागच्यांसाठी दोर सोडायला. म्हणून आता मला कोणी हसले, तर मी त्याला सिंहगडाखाली अंधारात शिडीची वाट पाहत उभा असलेला तानाजी सांगतो. हसणारा बहुधा गप्प होतो. कधी कधी तोही दोन पावले मागे येऊन माझ्या शेजारी बसतो.