माळ्याच्या पाठीवरचं इंजिन

सकाळी साडेदहाला आमची स्टँड-अप मीटिंग असते आणि नेमकं साडेदहालाच सोसायटीत गवत कापायचं मशीन सुरू होतं. काल काय केलं, आज काय करणार, हे सांगायला मी तोंड उघडलं की खालून घर्रर्र. मॅनेजर म्हणतो, "म्यूट कर." मी म्यूट होतो, मशीन होत नाही.

एकदा वैतागून खाली गेलो. माळीकाका कट्ट्यावर बसून प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणि ऑईल मिसळत होते. कानात कापसाचे बोळे, तोंडाला पंचा. "एक लिटरला पंचवीस एमेल, दादा. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त पडलं तर धूर." मला तो आवाज वीस मिनिटं त्रास देतो. त्यांच्या खांद्याला ते इंजिन अर्धा दिवस असतं. तक्रार गिळून वर आलो.

कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की आम्ही 'गिट ब्लेम' काढतो : ही ओळ कोणी लिहिली, कधी आणि का? त्याच सवयीने या मशीनचा गिट ब्लेम काढायला बसलो.

पहिली नोंद इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरची, १८३०ची. स्ट्राउडच्या आसपास तेव्हा लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर उभी राहिलेली लव छाटून ते गुळगुळीत करायला तिथे एक यंत्र होतं : दंडगोलावर पिळदार पाती बसवलेलं. एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या डोक्यात आलं, कापडाची लव छाटता येते तर जमिनीची का नाही? त्याने १९ इंच रुंदीचं लोखंडी यंत्र बनवलं. माणसाने मागून ढकलायचं. मागचा रूळ फिरला की दात्यांच्या चाकांमधून पाती फिरायची. ना इंधन, ना धूर. लोक हसतील म्हणून तो रात्री गुपचूप चाचण्या घ्यायचा, असं सांगतात.

त्याआधी हिरवळ राखणं हा श्रीमंतांचा शौक होता. लांब दांड्याचं वाकडं पातं घेऊन मजूर पहाटे, दवाने गवत ओलं असताना, ओळीने कापत जात. बडिंगच्या यंत्राने कुशल हातांची गरज कमी केली आणि पुढे हिरवळ मध्यमवर्गीयांच्या अंगणात आली. मात्र यंत्र जड होतं. मोठ्या बागांसाठी ते घोड्यांना जुंपलं, तर टापांनी हिरवळ उखडायला लागली. मग घोड्यांना चामड्याचे बूट घातले! १८९३मध्ये वाफेवर चालणारं यंत्र आलं आणि १९०२मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारं यंत्र बाजारात आणलं. विजेवर चालणारी यंत्रंही १९२०च्या दशकात आली होती, पण वायर जिथवर पोचेल तिथवरच त्यांचं राज्य.

काकांच्या मशीनमध्ये असतं तसं टू-स्ट्रोक इंजिन बागेत लोकप्रिय करण्यात ऑस्ट्रेलियाच्या मर्विन रिचर्डसनचा मोठा हात आहे. १९५२मध्ये सिडनीत त्याने हलकं मशीन बनवलं. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला होता. टू-स्ट्रोकची गंमत म्हणजे त्यात सुटे भाग कमी, वजन कमी, आणि ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्यामुळे ते तिरकं धरलं तरी चालतं. पण सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर ढकलण्याचं काम नवं इंधन करतं, आणि ते करताना त्यातलं बरंचसं स्वतःच न जळता बाहेर जातं. जवळपास पाव ते एक तृतीयांश. थोडक्यात, काकांच्या एक लिटरमधला पाव लिटर तरी काही न कापता हवेत जातो.

पुढची नोंद कॅलिफोर्नियाची. तिथे १९७०च्या दशकात दुष्काळ पडला. अंगणं, फुटपाथ पाइपने धुवायला मनाई झाली. त्याच सुमारास जपानी इंजिनिअरांनी तयार केलेलं पानं उडवायचं यंत्र, लीफ ब्लोअर, अमेरिकेत पोचलं होतं. पाठीवर इंजिन, हातात नळी. पाणी वाचवणारं म्हणून ते पसरलं. एक बग दुरुस्त करताना दुसरा तयार झाला : पाणी वाचलं, आवाज आणि धूर वाढला. कार्मेल गावाने तर १९७५मध्येच त्यावर बंदी घातली.

लॉस एंजेलिसमध्येही तक्रारी वाढल्या. घरांजवळ पेट्रोलचा ब्लोअर चालवायला तिथे बंदी आली. तक्रार करणारे घरमालक होते, ब्लोअर चालवणारे बहुतेक मेक्सिकोतून आलेले माळी. त्यांचं म्हणणं साधं होतं : ब्लोअर काढला तर त्याच अंगणाला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि गिऱ्हाईक एक डॉलरही वाढवून देत नाही. जानेवारी १९९८मध्ये काही माळ्यांनी सिटी हॉलसमोर उपोषण केलं. शिक्षा सौम्य झाली, बंदी राहिली. या सगळ्या वादात आवाज मोजला गेला तो बहुतेक खिडकीच्या आतल्या कानाने. पाठीवर इंजिन घेतलेल्याचे कान आणि फुप्फुसं हिशेबात उशिरा आली.

गाड्यांना तिथे १९७५पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. बागेतल्या छोट्या इंजिनांना मात्र १९९०च्या दशकापर्यंत धुराचा नियमच नव्हता. गाड्या स्वच्छ होत गेल्या, ही मागेच राहिली. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा : व्यावसायिक लीफ ब्लोअर तासभर चालवला की धुरकं तयार करणारं जितकं प्रदूषण होतं, तितकं व्हायला २०१६ची टोयोटा कॅमरी सुमारे १,१०० मैल चालवावी लागेल. म्हणजे जवळपास १,७७० किलोमीटर, पुण्याहून दिल्ली गाठून आणखी पुढे. हा हिशेब कार्बन डायऑक्साइडचा नाही, धुरक्याचा आहे. तो धूर सर्वात आधी चालवणाऱ्याच्या नाकात जातो.

उपाय इतकी वर्षं का नव्हता? कारण वजन. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीत किलोला जेमतेम पाव युनिट. मोटर बरीच कमी ऊर्जा वाया घालवते, त्यामुळे फरक थोडा भरून निघतो, सगळा नाही. १९९५मध्ये स्वीडनच्या हुस्कवर्नाने सूर्यप्रकाशावर आपोआप फिरणारं गवत कापायचं यंत्र विक्रीला काढलं, पण ते घरगुती अंगणापुरतं. १९९१मध्ये कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी पुढे अवजारांत शिरली, तेव्हा कुठे दिवसभराच्या कामाचा विचार करता येऊ लागला.

ऑक्टोबर २०२१मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला : १ जानेवारी २०२४पासून बनणारी बागेची नवी छोटी यंत्रं धूर न सोडणारी हवीत. जुनी वापरायला हरकत नाही. आणि छोट्या बागकाम व्यावसायिकांना नवी यंत्रं घेता यावीत म्हणून ३ कोटी डॉलर वेगळे काढले. ते पुरेसे आहेत का यावर तिथे वाद आहे, कारण व्यावसायिकाला दिवस काढायला एक बॅटरी पुरत नाही, चारपाच लागतात. पण उपोषणानंतर तेवीस वर्षांनी 'याचा खर्च कोण करणार?' हा प्रश्न कायद्याबरोबर टेबलावर आला, हे मला बॅटरीच्या शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

इतकं वाचून मी पुन्हा खाली गेलो. बॅटरीच्या मशीनबद्दल विचारलं. काकांनी ते एका बंगल्यावर पाहिलं होतं. "चांगलं आहे. हाताला मुंग्या येत नाहीत. पण बॅटरी संपली की चार्ज कुठे करू? आणि हे मशीन माझं आहे दादा, सोसायटीचं नाही. अजून दोन हप्ते राहिलेत."

हे मला माहीतच नव्हतं. तीन वर्षं मी ज्या मशीनला शिव्या घालत होतो, त्याचा हप्ता तेच भरत होते.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला एक मेसेज माझ्या ड्राफ्टमध्ये पडून होता : 'सकाळी अकराच्या आत पेट्रोल मशीनला बंदी घालावी.' तो पुसला. नवा लिहिला : सोसायटीने बॅटरीचं मशीन घ्यावं, सोबत दोन जादा बॅटऱ्या, क्लबहाऊसमध्ये चार्जिंगचा एक प्लग, आणि काकांना ते बाकीच्या कामांसाठीही नेता यावं.

आतापर्यंत तीन अंगठे आलेत. एकाने विचारलंय, "मेंटेनन्स वाढणार का?"

हो, थोडा वाढेल.