नाकाचं नाव, तोंडाचं काम

आमच्या मनवेलपाड्याच्या तलावात टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. आजी तिला पाणबुडी म्हणायची. नौदलाच्या बोटीलाही आपण पाणबुडीच म्हणतो. त्यात मला कधी नवल वाटलं नाही. पण तारकर्लीला स्नॉर्केलची नळी हातात आली, मी तिच्या नावामागे लागलो, आणि ही नळी निघाली थेट त्या लोखंडी पाणबुडीतून!

नळीच्या जोडीला येतो तो स्कुबा, पाठीवर हवा घेऊन मारायची बुडी. त्याचं कूळ एका ओळीत आटपतं: इंग्रजी आद्याक्षरांचं नाव, आणि कुस्तो व गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये जमवलेली, ओढाल तेवढीच हवा देणारी झडप. खरी गंमत नळीची.

डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून बॅटऱ्या भरायला पाणबुडीला वर यावं लागे. डच नौदलाने तिला हवेची उभी नळी बसवली आणि म्हटलं 'स्नॉयव्हर', हुंगणारा. १९४० मध्ये हॉलंड पडलं, नळ्या जर्मनांच्या हाती गेल्या; त्यांनी नाव दिलं 'श्नॉर्शेल'. युद्धानंतर तेच पोहणाऱ्यांच्या नळीला चिकटलं.

आता वाद. एक पक्ष म्हणतो, जर्मन बोलीत श्नॉर्शेल म्हणजे नाक, थोबाड. दुसरा तो शब्द 'श्नार्शेन', म्हणजे घोरणे, याला जोडतो. धातू तोच असेलही, पण नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय होतं? मी नाकवाला. डच नाव हुंगण्याचं. ब्रिटिशांनी हीच नळी घेतली तेव्हा तिला 'स्नॉर्ट' म्हटलं, नाकाने फुरफुरणं. घोरणारा काय, तोंड उघडं टाकूनही घोरतो! शिवाय अ‍ॅरिस्टॉटलने दोन हजारांवर वर्षांपूर्वी हत्तीच्या सोंडेची तुलना बुड्या मारणाऱ्यांच्या श्वासनळीशीच केली होती. जर्मन खलाशांनी तो वाचला असेल असं नाही, पण नळी दिसली की माणसाला नाक आठवतं. आपण तिला सरळ सोंड का म्हणू नये?

नावांवर असा जीव टाकायची खोड मला गावाच्या नावाने लावली. मनवेलपाड्यात कुणाला वेल दिसेल. मला पोर्तुगीज मॅन्युएल दिसतो. १७३९ पर्यंत आमच्याकडची वसई पोर्तुगीजांचीच होती, आणि मनवेल हे नाव इथल्या ख्रिस्ती घरांत आजही आढळतं. माझ्याकडे पुरावा तेवढाच, पण मला पुरतो.

तर ती तारकर्लीची नळी. घराजवळच्या अर्नाळ्याच्या गढूळ पाण्यात आपला हातही दिसत नाही, म्हणून आम्ही मालवणजवळ तारकर्लीला गेलो होतो. नवख्यांना आधी होडीच्या कडेला धरून, तोंडात नळी देऊन श्वास शिकवतात. चष्म्याच्या रबराने माझं नाक गच्च दाबलेलं; सवयीने तिथूनच ओढू गेलो, काच नाकावर बसली आणि जीव घाबरा झाला. शिकवणाऱ्या पोराने काचेवर बोट आपटलं.

"काकानू, नाक इसरा!"