भीतीचा हिशेब : रामसे बंधू आणि हिंदी भयपट

१/१५
‘रणांगण’ ही मराठी कादंबरी आणि ‘पुराना मंदिर’ हा हिंदी भयपट यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तो संबंध आहे. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा एक चित्रपट साफ कोसळला. त्याचे दिग्दर्शक होते ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर आणि निर्माते होते एफ. यू. रामसे. या अपयशातून हिंदी भयपटाचे एक घराणे जन्माला आले.

२/१५
रामसे हे मूळचे रामसिंघानी. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेला आडनाव पेलेना, म्हणून ‘रामसिंघानी’चे ‘रामसे’ झाले. १९४७ मध्ये ते सारे मागे राहिले. त्या काळात हजारो सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले. शेलू-कर्जतची लोकल आज ज्या उल्हासनगरातून जाते, ते शहर म्हणजे तीच छावणी. १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. रामसे कुटुंबाने मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान मांडले.

३/१५
दुकानाच्या जोडीला वडील चित्रनिर्मितीत उतरले. १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ हा त्यांचा मोठा प्रयत्न. दिग्दर्शन बेडेकरांचेच, भूमिकांत पृथ्वीराज कपूर आणि सुरैया. सुरैयाचा हा अखेरचा चित्रपट ठरला. पोशाखी चित्रपट, मोठे नट, भव्य देखावे हा प्रतिष्ठेचा मार्ग होता आणि त्याला भांडवल लागत असे. १९७० च्या अपयशानंतर ते भांडवल उरले नाही.

४/१५
मात्र त्या पडलेल्या चित्रपटात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा आणि काळा झगा चढवून चोरीसाठी संग्रहालयात शिरतात. या एका प्रसंगाला प्रेक्षक दचकत होते, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरले. त्यांनी वडिलांपुढे प्रस्ताव ठेवला : ज्या प्रसंगासाठी लोक येतात, तसलाच संपूर्ण चित्रपट का करू नये?

५/१५
भाऊ सात होते आणि कामांची वाटणी घरातच झाली. कुमार पटकथा लिहीत, केशू आणि गंगू छायाचित्रण सांभाळत, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तर तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. चित्रपटशाळेचे तोंड यांपैकी कोणी पाहिले नव्हते. जोसेफ मॅसेली या अमेरिकी छायाचित्रकाराचे छायाचित्रणावरील पाठ्यपुस्तक घेऊन वडिलांनी मुलांना काश्मिरात हाउसबोटीवर बसवले आणि तिथे त्यांच्याकडून ते गिरवून घेतले.

६/१५
१९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. खर्च सुमारे साडेतीन लाख रुपये. सेट उभारण्याऐवजी महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात चित्रीकरण झाले. कलाकार, तंत्रज्ञ आणि सारे कुटुंब बसने तिथे गेले. घरातल्या स्त्रियांनी सगळ्यांचा स्वयंपाक केला. रामसेंच्या काटकसरीचे कौतुक करताना हा तपशील विसरता येत नाही. ज्या श्रमाचे पैसे द्यावे लागले नाहीत, तो श्रमही त्या स्वस्ताईत जमा होता.

७/१५
पुरलेला माणूस परत येतो, एवढ्या कल्पनेवर हा चित्रपट चालला. त्याआधी ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२) यांसारख्या चित्रपटांत भुताचा भास असे आणि शेवटी त्याचा मानवी उलगडा होई. ‘मधुमती’सारखे अपवाद होते, परंतु तिथले भूत करुण होते. रामसेंनी किळसवाणे, कुजलेले, अंगावर येणारे भूत पडद्याच्या मधोमध आणून उभे केले.

८/१५
या पद्धतीमागे साधा हिशेब होता. हिंदी चित्रपट तेव्हा प्रांतवार विभागांत विकला जाई आणि वितरक प्रथम विचारी, ‘नट कोण?’ रामसेंकडे त्याचे उत्तर नव्हते. त्यांनी भीतीलाच नट केले. मोठ्या शहरांतल्या उंची चित्रगृहांऐवजी लहान गावांतले एकपडदी थिएटर हा त्यांचा आधार. खर्च इतका कमी, की अशा ठिकाणच्या स्वस्त तिकिटांतूनही भांडवल सुटावे. अमेरिकेत रॉजर कॉर्मन याच गणितावर चित्रपट काढत होता.

९/१५
सेट परवडत नसल्याने जुन्या वास्तू शोधल्या गेल्या. रायगड जिल्ह्यात मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा आहे. रामसेंचा कॅमेरा तिथेही पोहोचला. पुढे २००५ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी कर्जत परिसरात एन. डी. स्टुडिओ उभारला आणि किल्ले-महाल मागणीनुसार मिळू लागले. रामसेंच्या चित्रपटांतील ओल धरलेल्या भिंती मात्र बहुधा खऱ्याच असत. गरिबीने दिलेली ती वास्तवता होती.

१०/१५
१९८४ चा ‘पुराना मंदिर’ हे त्यांचे शिखर. दोनशे वर्षांपूर्वी राजाने सामरी या सैतानाचे शिर धडावेगळे केले. मरताना त्याने शाप दिला, की या घराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मरतील. सामरी झालेले अजय अगरवाल हे उंचेपुरे, शिक्षणाने अभियंता. त्याच चित्रपटात जगदीप ‘शोले’ची चेष्टाही करून जातात. भय, गाणी, विनोद, शृंगार असे सारे एका तिकिटात देणे हा रामसेंचा शिरस्ता. चित्रपट जोरात चालला आणि पाठोपाठ अनुकरण करणाऱ्यांची रांग लागली.

११/१५
यशाबरोबर वादही वाढले. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र आवश्यक असते, आणि १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पूर्वतपासणी वैध ठरवली होती. रक्त, विद्रूप चेहरे आणि स्नानाची दृश्ये यांवर सेन्सॉरची कात्री चाले. ‘वीराना’ (१९८८) लाही तिचा फटका बसला. तयार चित्रपटातून तुकडे काढले की दृश्य आणि आवाज दोन्ही अडखळतात. रामसेपटांतल्या ज्या धक्क्यांना प्रेक्षक ओबडधोबड कारागिरी म्हणत, त्यांतले काही कात्रीचेही असत.

१२/१५
तरीही सगळा दोष सेन्सॉरवर ढकलता येत नाही. नट नसलेल्या चित्रपटाला गर्दी खेचण्यासाठी भीतीबरोबर देहप्रदर्शन वापरले गेले आणि त्याची किंमत कथेतल्या स्त्रीने मोजली. ‘वीराना’त चेटकीण ठरलेल्या स्त्रीला फासावर लटकवणे ही न्याय्य कृती म्हणून दाखवली जाते. प्रत्यक्षात या देशातल्या खेड्यांत चेटकिणीचा आळ घेऊन बायकांचे जीव घेतले गेले आहेत. ‘वीराना’च्या पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. एकाच काळातली ही दोन टोके.

१३/१५
दुसरा आक्षेप उसनवारीचा. ‘महाकाल’मध्ये ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या अमेरिकी चित्रपटाची छाया उघड दिसते. ‘बंद दरवाजा’ (१९९०) हा ड्रॅक्युलाचा देशी अवतार. मात्र परक्या रक्तपिपासूला त्यांनी हवेली, त्रिशूळ, ठाकूर आणि गावकरी यांच्या जगात आणून बसवले. मराठीत नारायण धारप पाश्चात्त्य भयकथा अशाच देशी मातीत रुजवत होते. धारपांची पुस्तके वाचनालयांतून घरोघरी गेली. रामसेंचे चित्रपट पाहिल्याचे मात्र अनेकांनी घरी सांगितले नसेल.

१४/१५
नव्वदीत लहान गावांतील थिएटरांचा प्रेक्षक दूरचित्रवाणीकडे वळला. रामसेही त्याच्यामागे गेले. झी टीव्ही १९९२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ दिवाणखान्यात अवतरला. ज्या प्रेक्षकाला थिएटरच्या दारात प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रामुळे अडवले जाई, तो आता गोधडीतून डोळे काढून तीच भुते पाहू लागला. केशू २०१० मध्ये, तुलसी २०१८ मध्ये आणि श्याम २०१९ मध्ये निवर्तले.

१५/१५
२०१८ मध्येच राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. त्याच्या मुळाशी धारपांची कथा होती. २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. भयपटाला प्रतिष्ठा मिळाली, ती रामसेंच्या हयातीत त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. ‘पुराना मंदिर’ आणि ‘तुंबाड’ लागोपाठ पाहावेत. कोणता चांगला, हे लगेच कळेल. त्याहून मोलाचे आहे ते पहिल्यातले गुण आणि दोष वेगळे काढण्याचा प्रयत्न करणे. खरी भिंत, नवखे नट, घरचे तंत्रज्ञ, उघडी देहविक्री, फासावरची चेटकीण हे सारे साडेतीन लाखांपासून सुरू झालेल्या त्या एकाच हिशेबातून आले आहे.