मुंबईचे शिसवी लाकूड, जे मुंबईचे नव्हते

'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून एकोणिसाव्या शतकात साहेबलोकांत नाव कमावलेले लाकूड म्हणजे आपला शिसव. मुंबईत व्हायची ती कारागिरी. ओंडके बरेचसे मलबारहून, समुद्रमार्गे यायचे. फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर (आताचा नगीनदास मास्टर रोड) या फर्निचरची दुकाने होती. 1851 साली लंडनला जे मोठे प्रदर्शन भरले, त्यातही हे काळे कोरीव काम झळकले होते.

कोरीव म्हणजे किती? पाठीवर वेलबुट्टी, हातावर फुले, पायाला प्राण्याचे तोंड... हात फिरवायला मोकळी जागा म्हणून नाही. माझे स्पष्ट मत, बसणाऱ्याचा विचार त्यात कमीच. शिवाय धूळ पुसणारीचे हाल! लाकूड मात्र अस्सल. बाहेरचा फिकट भाग काढून टाकायचा आणि आतला जांभळट तपकिरी, काळ्या रेघांचा गाभा तेवढा वापरायचा. हा गाभा धरायला झाडाला अनेक दशके लागतात. आपण 'शिसवीसारखा काळा' म्हणतो ते याच गाभ्यावरून. दुकानात 'शीशम' म्हणून जे विकतात ते उत्तरेकडचे भावंड, वेगळे झाड. फरक विचारून घ्यावा.

इतके सांगायचे कारण म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या भाच्याचा फोन. "मामा, आजोबांची शिसवी पेटी आणि टेबल इकडे आणता येईल का?" पूर्वी हा प्रश्न फक्त भाड्याचा असता. आता तसे नाही. 2016 साली जोहान्सबर्गच्या सायटीस परिषदेत शिसवाच्या कुळातल्या सगळ्याच जातींचा व्यापार नियंत्रणाखाली आला आणि 2 जानेवारी 2017 पासून तो नियम लागू झाला. आपल्याकडच्या हस्तकला कारागिरांना त्याचा मोठा फटका बसला. 2019 मध्ये दहा किलोपर्यंतच्या तयार मालाला सूट मिळाली, आणि 2022 साली पनामात, भारताच्या आग्रहावरून, हे वजन प्रत्येक वस्तूचे वेगळे धरायचे असे ठरले. पेटी त्यात सहज बसते. टेबलाची आधी चौकशी करावी, असे त्याला कळवले आहे.

नियम जाचक वाटतो खरा. पण 2021 साली वायनाडमधल्या मुट्टिलला सरकारी आदेशाचा गैरफायदा घेऊन शिसवाची जुनी झाडे तोडल्याचे उघडकीस आले. मलबारचाच मुलूख तो! तिथून ओंडके नेणाऱ्या साहेबाला तरी एकट्याला किती नावे ठेवायची?

टेबल तूर्त आमच्याकडेच आहे. ज्यांना बघायचे असेल त्यांनी जरूर यावे, उचलायला मात्र चारजण लागतात.